चौदावा रकाना

मेघा हिवराळेबद्दल मी लिहावं असं मला कुणी सांगितलेलं नाही. उलट घरातून विरोधच आहे. बायको म्हणते, झालं ते झालं, रिटायर माणसानं गप बसावं. पण गप बसायचं काम मी नोकरीत असतानाच भरपूर करून घेतलं आहे. आता तेवढं जमत नाही.

मी बन्सी औताडे. आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा आणि पुढच्या टेबलावर सरकवायचा, एवढंच माझं काम. दोन हजार बारा साली पाऊस रुसला, नाथसागर धरण तळाला गेलं, आणि शहराच्या कडेकडेच्या वसाहतींना टँकरनं पाणी पुरवायचं काम एका संस्थेनं घेतलं. तिथं मला नोकरी मिळाली. संस्थेचं नाव घेत नाही. ती आता बंद पडली आहे, माणसं मात्र याच शहरात आहेत आणि लग्नकार्यात समोरासमोर येतात.

त्या काळात हे शहर चहूकडं पळत सुटलं होतं. पडेगावच्या पुढं प्लॉट, बीड बायपासच्या पलीकडं प्लॉट, पैठण रोडला चितेगावपर्यंत पाट्याच पाट्या. लोकांनी गुंठा-गुंठा घेऊन घरं बांधली. नळ कुठंच नाही. मग गल्लीनं मिळून अर्ज करायचा आणि नंबर लागला की कोपऱ्यावर काळी प्लास्टिकची टाकी यायची. दर तिसऱ्या दिवशी टँकर ती भरून जायचा. ज्याचा अर्ज आधी, त्याची टाकी आधी, हा नियम. भिंतीवर लावलाही होता, चौकटीत.

आमचे वरिष्ठ म्हणजे व्यंकटराव. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन पुन्हा इथं आलेले. त्यांच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. आजोबा निजामाच्या अमदानीत उर्दू आणि मोडी दोन्ही सफाईनं लिहीत, असं ते आठवड्यातून एकदा तरी सांगत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि सहा इंची पट्टी. माणूस गोड. कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. आणि मेघाला त्यांनी शिकवलं, हे मीच काय, तीही कधी नाकारणार नाही.

मेघा आली तेव्हा तेवीस वर्षांची असेल. बी.कॉम. झालेली. वडील सर्जेराव गवंडी, अजिंठ्याजवळच्या गावातून वीस वर्षांपूर्वी शहरात आलेले. पडेगावच्या खालच्या वस्तीत, सातव्या गल्लीत त्यांचं घर. दुसऱ्यांचे फ्लॅट बांधताना सर्जेराव पाइपनं भिंतींवर पाणी मारायचे आणि घरी आल्यावर चंपाबाईनं, म्हणजे मेघाच्या आईनं, दीड किलोमीटरवरून आणलेल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी पायावर घ्यायचे. बाप ओळंबा लावल्याशिवाय वीट ठेवत नसे आणि लेक तशीच निघाली. माझा एक शिक्का वाकडा पडला तर ती कागद फिरवून बघायची आणि काही न बोलता परत माझ्यापुढं ठेवायची. पहिल्या आठवड्यात मला तिचा राग आला. दुसऱ्या आठवड्यात मी शिक्के सरळ मारायला लागलो.

पहिले दोन महिने सगळं कागदी रजिस्टरातच होतं. व्यंकटरावांनी तिला पहिला धडा दिला तो असा, की नोंद करण्याआधी रकाने मोजायचे. पान उलटलं, पुन्हा मोजायचे. रकाना वाढलेला दिसला, की समजायचं कुणीतरी मधे काहीतरी घुसवलं आहे. तेरा रकाने. पट्टी धरून ते मोजत आणि ती त्यांच्या मागून मोजी.

एकदा तिनं समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके बघितले. काही नावांपुढं होते, बाकीच्यांपुढं नव्हते. हे काय, म्हणून तिनं विचारलं. मला ठाऊक होतं काय ते. चाळीस वर्षं कचेऱ्यांत काढलेल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. ठिपका म्हणजे वरून कुणाचा तरी शब्द आलेला माणूस. रकान्यात नाही, सहीत नाही, पेन्सिलीनं. रबर फिरवलं की काही घडलंच नाही. मी खाली बघून शिक्के मारत राहिलो. व्यंकटराव मात्र हसले आणि म्हणाले, "म्हणून तर कॉम्प्युटर आणतोय, मेघा. त्याला समास नसतो."

ते वाक्य तिनं उराशी धरलं. पुढं चार वर्षं ती ते लोकांना सांगत होती.

कॉम्प्युटर आला. व्यंकटरावांचा पुतण्या हिमांशू पुण्याला कंपनीत होता, त्यानं येऊन सगळी व्यवस्था लावून दिली. मेघानं एकटीनं नऊशे अर्ज मशीनमध्ये चढवले. हिमांशूनं जाताना तिला एक हुकूम शिकवला: डिस्क्राइब. तो टाइप करून पुढं टेबलाचं नाव लिहिलं, की पडद्यावर त्या टेबलात कोणकोणते रकाने आहेत ते ओळीनं उभे राहतात. मला आधी वाटलं, अर्ज दिसतील. ती म्हणाली, "अर्ज नाही काका, नुसतं रजिस्टर आखलेलं दिसतं. कोरं."

प्रत्येक रकान्यापुढं आणखी चार गोष्टी लिहिलेल्या असत. त्यात आकडा बसतो की अक्षरं. तो रिकामा सोडता येतो की नाही. त्याच्यावर किल्ली आहे का, म्हणजे याच रकान्यावरून प्रत्येक अर्ज वेगळा ओळखायचा का. आणि शेवटचं, डिफॉल्ट. ते तिनं मला दोनदा समजावलं. नोंद करताना त्या रकान्यात कुणी काहीच भरलं नाही, तर मशीन आपल्या मनानं जे भरतं ते. मी म्हणालो, म्हणजे माझ्या बायकोसारखं, मी काही बोललो नाही तर ती होच धरते. मेघा मनापासून हसली होती. तिचं हसणं मला आठवतं, कारण नंतर ते फारसं ऐकायला मिळालं नाही.

व्यंकटरावांची सवय तिनं मशीनवर नेली. रोज सकाळी सव्वादहाला पर्स अडकवायची, पदराखाली धरून आणलेली पाण्याची बाटली ठेवायची, आणि कामाआधी डिस्क्राइब. मग बोट लावून मोजायचं. अर्ज क्रमांक, नाव, वसाहत, गल्ली, घरं किती, माणसं किती, सध्याची सोय, अंतर, रस्ता, टाकीची जागा, मोबाईल, तारीख, शेरा. तेरा. आम्ही त्याला मेघाची हजेरी म्हणायचो. आज सगळे हजर का गं, असं मी विचारायचो आणि ती म्हणायची, तेराच्या तेरा.

एकदाच तिनं शंका काढली. अर्ज क्रमांकापुढं किल्लीची खूण हवी ना, सर, इथं तर मोकळंच आहे. व्यंकटराव म्हणाले, आपल्या छोट्या कामाला ते लागत नाही. तिनं मान डोलावली. ते सांगताहेत म्हटल्यावर प्रश्न मिटला.

आता माझं सांगतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

मी बायपासच्या पलीकडं शिवतेज कॉलनीत राहतो, गल्ली तीन. आमचाही अर्ज होता, नोव्हेंबर बाराचा. एकदा चहाला खाली गेलो असताना मी व्यंकटरावांना सहज म्हणालो, आमच्या गल्लीचं जरा बघा. एवढंच. ते म्हणाले, बघू. एकोणिसाव्या दिवशी टाकी आली. गल्लीनं मला नारळ दिला. मी मनाची समजूत घातली, की नंबरच आला असेल. समजूत घालायला फारसे कष्ट पडले नाहीत, घरात पाणी आलेलं होतं.

पुढचा एप्रिल, तेरा सालचा. हॉटेलातसुद्धा पाण्याचा पेला अर्धाच भरून ठेवायचे, आमच्या कार्यालयातही तोच नियम लागला होता. अशा उन्हात पडेगावच्या खालच्या वस्तीतल्या चाळीसेक बाया रिकामे हंडे घेऊन आमच्या जिन्यात येऊन बसल्या. त्यांचा अर्ज ऑगस्ट बाराचा होता. पुढं दगडाबाई, सत्तरीच्या, अंगानं काटकुळ्या, आवाज खणखणीत. त्यांचं म्हणणं एकच होतं, की मागून झालेल्या बिल्डिंगींना टाक्या आल्या, आम्हाला का नाही. व्यंकटराव बाहेर आले, हात जोडले. बिल्डिंगींच्या टाक्या बिल्डरनं स्वतः आणल्या आहेत, आपला त्यांच्याशी संबंध नाही, असं सांगितलं. मग म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमचीच लेक आत बसते, तिला विचारा.

मेघानं दगडाबाईंना आणि तिघींना आत बोलावलं, खुर्च्या दिल्या. हजेरीचा पडदा उघडून तेरा रकाने वाचून दाखवले, प्रत्येकाचा अर्थ सांगितला. शेवटी म्हणाली, "मावशी, मशीनला जेवढे रकाने, तेवढंच कळतं. यात वशिल्याचा रकानाच नाय. ज्याचा रकाना नाय ते मशीन करूच शकत नाय. आपला नंबर येणार."

दगडाबाईंनी पडद्याला हात लावून बघितला. विचारलं, "तुझ्या आईची आन?"

"आईची आन," मेघा म्हणाली.

आणि मी, कुणी विचारलं नसताना, माझ्या जागेवरून म्हणालो, "बाई, नंबर येतो. आमचा आला की."

माझ्या अर्जाची तारीख तिला एका मिनिटात बघता आली असती. ती तर याद्या तपासण्यात पटाईत. तिनं बघितली नाही, कारण मी काका होतो.

हंडे वाजवत आलेल्या बाया उठल्या आणि हंडे न वाजवता गेल्या.

त्यानंतर तीन वर्षं असंच चाललं. चौदा साल तसंच गेलं, पंधरा त्याहून वाईट. वस्तीत दर दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणायचं, पुन्हा मोर्चा काढू, आणि दुसरं कुणीतरी म्हणायचं, मेघानं मशीन बघितलंय, थांबा. घरी येता-जाता तिला लोक अडवायचे. ती दर वेळी सकाळची हजेरी घेऊन संध्याकाळी छातीठोक सांगायची, तेराच आहेत. स्वतःच्या गल्लीसाठी तिनं व्यंकटरावांकडं एक शब्द टाकला नाही. एकदा चंपाबाईच तिला म्हणाल्या होत्या, की तू तिथंच असतीस, एकदा बोलून तर बघ. त्यावर ती आईवर चिडली. आपणच मधे घुसलो तर मग त्या मशीनचा उपयोग काय, म्हणाली. हे तिनंच मला सांगितलं, वर विचारलं, बरोबर ना काका? मी म्हणालो, अगदी बरोबर.

पंधराच्या दिवाळीनंतर दगडाबाई पाणी आणताना पडल्या. दौलताबाद रोड ओलांडून एका शेतातल्या विहिरीवर बाया जात, तिथल्या पायरीवर पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. घाटी दवाखान्यात दीड महिना होत्या, आणि घरी आल्या त्या खाटेवरच. मेघा त्यांना बघायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, नंबर कितीवर आला गं.

त्याच सुमाराला तिनं औरंगपुऱ्यात शनिवारचा एक क्लास लावला होता. कॉम्प्युटरचंच, पण आणखी खोलातलं. तिथल्या मॅडमनी एकदा टेबलाची रचना कशी वाचायची ते शिकवलं, आणि मेघा मनात खूश, की हे तर मी चार वर्षं रोज करते. मग मॅडम म्हणाल्या, की अशी रचना बघताना क्रमांकापुढं किल्लीची खूण दिसली नाही, तर एक शक्यता तपासून बघावी. तुम्ही बघताय ते कदाचित टेबल नसेल. टेबलावर बसवलेली खिडकी असेल. खिडकीतून तेवढेच रकाने दिसतात जेवढे बसवणाऱ्याला दाखवायचे असतात. आतलं टेबल वेगळंच असतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, नाव सांगून डिस्क्राइब म्हटलं की दोन्ही रकाने मोजून देतात. किल्ली मात्र खिडकीला नसते.

हे सगळं मला तिनं नंतर सांगितलं. त्या सोमवारी मी एवढंच बघितलं, की तिनं हजेरी घेतली नाही. पर्स अडकवली, बसली आणि वेगळंच काहीतरी टाइप केलं. व्यंकटराव कुठल्याशा मीटिंगला गेले होते. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली. पडद्यावर दोन नावं होती. तिचं रोजचं टेबल, आणि त्यापुढं लिहिलेलं, खिडकी. त्याच्याखाली तशाच नावाचं आणखी एक, पुढं मूळ असं जोडलेलं. ते खरं टेबल.

त्याला कुलूपसुद्धा घातलेलं नव्हतं. चार वर्षांत कधीही तिनं तो दुसरा हुकूम दिला असता तर दिसलं असतं. पण कुलूप कशाला घालतील? तिला एकच हुकूम शिकवला होता आणि ती शंका घेणार नाही याची खात्री होती. मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त चीड येते ती याची.

तिनं मूळ टेबलाची रचना उघडली. अर्ज क्रमांकापुढं किल्लीची खूण होती, जिथं हवी तिथं. तिनं बोट लावलं आणि मोजायला लागली, मोठ्यानं, रोजच्यासारखी. तेरा म्हणून झालं तरी बोट खाली गेलं.

चौदाव्या रकान्याचं नाव होतं कोड. एक अंकी आकडा. रिकामा सोडता येत नाही. डिफॉल्ट, नऊ.

मला लगेच कळलं नाही. तिला कळलं. टँकर भरायच्या केंद्रावर रोज जी यादी छापली जायची, ती आधी या कोडनं लागायची आणि मग तारखेनं. ज्याच्यासाठी कुणाचा शब्द आला त्याच्यापुढं मागाहून, आतून, एक घातलेला. ज्याच्यासाठी कुणी काहीच बोललं नाही, त्याच्यापुढं मशीननं आपल्या मनानं नऊ भरलेला. आठशेहून जास्त नऊ. ते नऊशे अर्ज तिनं स्वतःच्या हातानं चढवले होते. ती एकेक नोंद खिडकीतून आत टाकत होती आणि आत पडताना प्रत्येकीच्या गळ्यात नऊचा बिल्ला अडकत होता, सातव्या गल्लीच्यासुद्धा.

ती रडली नाही. तिनं रचनेचं पान छापलं, मग एकवाल्यांची यादी छापली. प्रिंटर चालू असताना मी पाठीमागं उभा होतो. एकवाले एकसष्ट होते. बिल्डरांच्या नव्या स्कीमा, बंगल्यांच्या कॉलन्या, एक मंगल कार्यालय. मला माझं नाव दिसलं की नाही ते मी तेव्हा बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही, हे खरं.

व्यंकटराव दुपारी आले. तिनं पान त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, खिशातली पट्टी काढली, सवयीनं, आणि परत खिशात ठेवली. मग तिला बसायला सांगितलं आणि हळू आवाजात बोलत राहिले. वरून फोन येतात, आपण नाही म्हटलं तर दुसरा करतो, हे आज सुरू झालेलं नाही, रजिस्टरातही होतंच. तू पहिल्या आठवड्यापासून रकाने मोजायला लागलीस, तेव्हा मलाच काळजी वाटली. तू बघशील, तुला सहन होणार नाही. म्हणून हिमांशूला सांगून तुझ्यासाठी वेगळा पडदा करून घेतला.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच. तू माझ्या लेकीसारखी. या घाणीत तुझे हात लागू नयेत एवढंच बघितलं मी."

मेघानं छापलेलं पान परत हातात घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"हात राहिले स्वच्छ, सर," ती म्हणाली. "जीभ नाही राहिली. चार वर्षं तुम्ही माझ्या जिभेनं बोललात. मी आईची शपथ घेतली होती."

त्यांनी तिच्यापुढं पाण्याचा अर्धा पेला सरकवला. ती उठून आली.

मला आजही वाटतं, त्यांनी फसवलं एवढंच असतं तर तिनं पचवलं असतं. फसवणारे तिनं कमी बघितले नव्हते. पण त्यांनी तिचा प्रामाणिकपणाच कामाला लावला. तिनं मन लावून मोजलं नसतं, तर वस्तीनं तिच्यावर विश्वास ठेवला नसता आणि मोर्चे थांबले नसते. ती जितकी खरी, तितकं त्यांचं काम सोपं. आणि मोजायला शिकवलं होतं त्यांनीच.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण मला शेवट तिथं करायचा नाही. संस्थेनं तांत्रिक चूक झाल्याचं पत्रक काढलं. मेघाचं कंत्राट वाढवलं नाही. व्यंकटरावांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला, त्या कार्यक्रमाला मी गेलो नाही, माझ्याच्यानं तेवढंच झालं. सातव्या गल्लीत टाकी आली ती सोळाच्या जूनअखेर, बाहेर पावसाची रिपरिप चालू असताना. दगडाबाई त्याच्या पंधरा दिवस आधीच गेल्या. मेघा आज पडेगावातच मुलींचा क्लास घेते, डेटाबेसचाच. पहिल्या दिवशी काय शिकवते ते मला तिच्या एका विद्यार्थिनीकडून कळलं. म्हणे, आधी विचारायचं, हे टेबल आहे की खिडकी.

तर त्या सोमवारी पाच वाजता तिनं दोन्ही कागद घडी न घालता पर्समध्ये ठेवले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, काका, येता का माझ्यासोबत, वस्तीत सांगायचंय. मी नाही म्हणू शकलो नाही. वाटेत रिक्षात मी मनातल्या मनात घोकत होतो, की ती मला सोबत नेतेय म्हणजे माझं नाव यादीत नसेल, किंवा असलं तरी ती वगळेल.

सातव्या गल्लीत दगडाबाईंची खाट दारातच होती. मेघा खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. हळूहळू पन्नासेक माणसं जमली, चंपाबाई डोक्यावरचा हंडा उतरवून तशाच ओल्या खांद्यानं आल्या. मेघानं काही प्रस्तावना केली नाही. पहिला कागद धरला आणि रकाने वाचले, चौदाच्या चौदा. चौदाव्याचा अर्थ सांगितला. मग म्हणाली, "मी तुमाला तेरा सांगितले व्हते. मला तेराच दाखवले व्हते, पन सांगितलं मी. तुमी माझ्यामुळं बसून राह्यलात."

कुणी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. एक बाई नुसती म्हणाली, "आमाला वाटलं, आपली पोरगी हाय." त्यात टोमणाही नव्हता. मेघानं ते ऐकून घेतलं.

मग तिनं दुसरा कागद काढला. एकवाल्यांची नावं, अर्जाची तारीख, टाकीची तारीख. एकसारख्या आवाजात, हजेरी घ्यावी तशी. मी भिंतीला टेकून उभा होतो. तेविसाव्या की चोविसाव्या नावाशी ती आली. तिचा आवाज बदलला नाही, तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"शिवतेज कॉलनी, गल्ली तीन. अर्जदार बन्सी औताडे. अर्ज नोव्हेंबर बारा. टाकी डिसेंबर बारा. कोड एक."

आणि पुढचं नाव.

दगडाबाईंनी खाटेवरून मान वळवली. नजर अजून तीक्ष्ण होती. माझ्याकडं बघत त्यांनी मेघाला विचारलं, "त्यो ह्योच ना? आमचा आला की, म्हनला व्हता?"

"व्हय, मावशी," मेघा म्हणाली.

मी नुसता एक शब्द टाकला होता, एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि तेच तर तिच्या कागदावर लिहिलेलं होतं. ती यादी शेवटपर्यंत वाचत राहिली. एकसष्ट नावं वाचायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

वाचून झालं, लोक पांगले. मी निघणार तोच चंपाबाई घरातून आल्या. पाहुणा दारातून कोरडा कसा जाईल, म्हणाल्या. हातात स्टीलचा पेला होता, काठोकाठ भरलेला. त्या वर्षात या शहरात मला कुणी भरलेला पेला दिला नव्हता. मी मेघाकडं बघितलं. ती कागद पर्समध्ये ठेवत होती.

"घ्या," ती म्हणाली. "आईनं आणलंय."

रोजच्यासारखं काका म्हणाली नाही. मी तो पेला घेतला आणि त्यांच्या दारात उभा राहून सगळा प्यालो.